नाव एवढंच आहे

सलातिगा
सोमवार लेगी, ५ फेब्रुवारी २०१८

वेनिंग,

तब्येत विचारत नाही. तू "बरी आहे" म्हणणार आणि मी ते खरं मानणार नाही. तेवढी शाई वाचली.

काल, पाच बाजारवारांतल्या क्लिवोनला, बाजारातून येऊन टोपली खाली ठेवते न ठेवते तोच शेजारची बू रत्ना, तीच ती शाळामास्तरीण, मोबाइल नाचवत आली. "सिंबाह आजी, तुमची नात परदेशात व्यासपीठावर!" मी चष्मा पुसला. तूच होतीस. बँकॉक म्हणे. हातात माईक, अंगात तो चुरगळलेला काळा सदरा, मागच्या पडद्यावर एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात जाणारे बाण. केस विंचरले असतेस तर बँकॉकचं काही बिघडलं नसतं.

मग तिने फोटोखालचं नाव वाचून दाखवलं. वेनिंग सुदार्सोनो.

मी म्हटलं, परत वाच. तिने परत वाचलं.

सुदार्सोनो! तू तीन वर्षांची असताना "कालिमंतानला पामच्या मळ्यात जातो, तीन महिन्यांत येतो" म्हणून जो बोटीत चढला आणि ज्याचे ते तीन महिने अजून संपले नाहीत, त्याचं नाव तुझ्या नावाला? तुझी आई हाँगकाँगमध्ये लोकांची पोरं वाढवत बसली, मी सोयाबीन तुडवून, त्याचा तेंपे विकून तुला शिकवलं, आणि बँकॉकमध्ये मिरवतोय तो? जन्मदाखल्यावर तुझं नाव एक शब्द आहे. माझंही एकच, पोनियेम. आपल्या गल्लीत निम्म्यांचं एकच. दुसऱ्या शब्दावाचून कुणाचं अडलेलं मी पाहिलं नाही.

दोन गोष्टी लिही. हे नाव कुणी लावलं, आणि तू नेमकं करतेस काय. इतकी वर्षं मी "कंपनीत आहे" सांगते, आणि लोकांनी "कसली कंपनी" विचारायच्या आत तेंपे ताजा आहे का शिळा यावर बोलायला लागते.

फोन करू नकोस. फोनवर तू नुसतं हं हं करतेस. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्याने ऐकलेलं पटत नाही.

सिंबाह


जकार्ता
१८ फेब्रुवारी २०१८

सिंबाह,

नाव मीच लावलं. रागवा, पण आधी वाचा.

बसस्टँडमागचं सुमिनी बाईंचं भाड्याच्या खोल्यांचं घर आठवतं ना? घर एक, खोल्या बारा, आणि दार लावलं की प्रत्येकाला वाटायचं की सगळं घर आपलंच. कॉम्प्युटरमध्येही तसंच करतात. एका मोठ्या मशीनच्या पोटात अनेक लटकी मशीनं असतात. एकात बँक, शेजारी इस्पितळ, त्याच्या शेजारी कुणाचं मिठाईचं दुकान. कुणालाही दुसऱ्याच्या भिंतीपलीकडचं दिसता कामा नये. या सगळ्यांना सांभाळणारी जी घरमालकीण, तो एक प्रोग्राम आहे. मी त्याच्यावर काम करते.

हा प्रोग्राम कुणा एकाचा नाही. चाळीस देशांतल्या लोकांनी मिळून लिहिलाय. कुणीही फुकट घ्यावा, वापरावा, बदलावा. चूक सापडली की तिची दुरुस्ती लिहायची आणि पत्रासारखी एका यादीवर पाठवायची. तिला आम्ही पॅच म्हणतो. ती यादी सगळं जग वाचतं. प्रत्येक भागाला एक कारभारी असतो, तो सगळ्यांदेखत चुका काढतो. पसंत पडलं की आत घेतो. माझा पहिला पॅच कॉलेजात असतानाचा, एका ओळीचा. मशीन बिघडलं की चुकीचाच निरोप दाखवायचं, तो निरोप मी सुधारला होता.

पॅचच्या शेवटी नाव लिहून सही करायची असते. ती सही म्हणजे शपथ, की हे माझं आहे आणि ते देण्याचा हक्क मला आहे. मी लिहिलं, वेनिंग. उत्तर आलं, "पूर्ण नाव लिहा." मी पुन्हा वेनिंग लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा परदेशी अर्जांवर भरतात तसं "वेनिंग वेनिंग" लिहिलं, तर एकाने विचारलं, ही चेष्टा आहे का? मी एकोणीस वर्षांची होते, सिंबाह. कान गरम झाले. कुटुंबपत्रकात वडिलांच्या रकान्यात जे होतं ते उचलून लावलं. पॅच गेला. मग सहा वर्षं तेच चालू राहिलं.

आता हातात मोठं काम आहे. चालत्याबोलत्या भाडेकरूला, त्याला कळूही न देता, एका घरातून दुसऱ्या घरात हलवायचं असतं. हलवताना त्याचं थोडं सामान मागे राहतं आणि पुढच्या भाडेकरूच्या हाती लागू शकतं. ही फट मला सापडली. ती बुजवायला चौदा पॅच लिहिलेत. ते आत गेले तर हे जिथे जिथे चालतं तिथे तिथे माझं काम असेल.

तुमची,
वेनिंग


सलातिगा
गुरुवार क्लिवोन, १ मार्च २०१८

वेनिंग,

दोनदा वाचलं. खोल्यांचं समजलं. सुमिनीच्या भिंती प्लायच्या होत्या आणि सहा नंबरची शिंक नऊ नंबरला ऐकू जायची, तेव्हा तुमच्याइतकीच तीही नालायक मालकीण होती.

फुकट वाटता हेही समजलं. त्यात बू रत्नाला फार नवल वाटलं, मला नाही. समोरच्या कार्सिनेमशी मी अकरा वर्षं बोलत नाही. पण तिचं तेंपेचं विरजण बिघडलं की ती पातेलं घेऊन दारात उभी राहते आणि मी विरजण धरलेली पानं देते. तोंड फिरवून देते, पण देते. तेंपे विकायचा असतो, विरजण कुणी विकत नाही. तुमच्या चाळीस देशांना हे आता सुचलं असेल तर बरंच आहे.

पण नाव? चार लोकांनी "पूर्ण लिहा" म्हटलं आणि तू पळून गेलेल्या माणसाकडून उसनं आणलंस! तुझं नाव ठेवायला मी आणि तुझी आई अख्खा एक पावसाळा भांडलो होतो. त्यात अपुरं काय राहिलं ते त्यांनी मला इथे येऊन दाखवावं. चटई टाकते.

चौदा लिहिलेस म्हणतेस. त्या चौदांखाली तो माणूस दिसला तर मला पत्र लिहू नकोस.

सिंबाह


जकार्ता
२० मार्च २०१८

सिंबाह,

जुनं पुसता येत नाही. जे एकदा आत गेलं त्याच्यावर पुढचं सगळं उभं राहतं, खालची वीट काढता येत नाही. पण पुढचं माझ्या हातात आहे.

मी यादीवर लिहिलं, "माझं नाव वेनिंग. हेच पूर्ण नाव आहे. जावात लाखो लोकांचं असंच असतं. आधीचं मी तुमच्या भीतीने लावलं होतं. यापुढे लावणार नाही."

दोन दिवसांत एकेचाळीस पत्रं. एक म्हणाला, आमच्या तपासणीच्या प्रोग्रामला दोन शब्द लागतात. मी म्हटलं, मग तुमचा प्रोग्राम दुरुस्त करा, हवा तर मी पॅच पाठवते. दुसरा म्हणाला, हे टोपणनाव नाही कशावरून? मी विचारलं, तुमचं नाही कशावरून? मदुराईच्या एकाने लिहिलं, "माझ्या नावापुढे जे आडनाव दिसतं ते माझ्या बापाचं नाव आहे, ते मी तुमच्यासाठी लावलंय. आमच्यात आडनाव नसतं. दहा वर्षं गप्प होतो." शेवटी आमच्या भागाचा कारभारी राडेक, प्रागचा म्हातारा, फार कमी बोलतो, त्याने लिहिलं, "नियमात खरं नाव म्हटलंय. दोन शब्द म्हटलेलं नाही. आत्ताच पाहिलं. पुढे चला."

म्हणजे चौदा पॅच एकाच शब्दावर जाणार.

माझे साहेब गुनादी, ज्यांना मानाचं 'पाक' लावल्यावाचून कुणी हाक मारत नाही, रोज त्या चौदांची चौकशी करतात. ऑफिसात सगळं ठीक आहे. कामात असेन, पुढचं पत्र उशिरा येईल.

वेनिंग


सलातिगा
सोमवार क्लिवोन, ४ जून २०१८

वेनिंग,

तुझे पाक गुनादी येऊन गेले.

ऐन रमजानच्या उपासाची दुपार. पांढरी गाडी गल्लीत शिरेना, म्हणून कोपऱ्यापासून चालत आले. हातात लेबारानच्या सणाची भेट, ही एवढी टोपली, पिवळ्या कागदात गुंडाळलेली, बिस्किटांचे डबे, सरबताच्या बाटल्या. सगळी गल्ली उंबऱ्यावर. आत येऊन चटईवर माझ्यापेक्षा खाली बसले आणि जी लग्नातच ऐकू येते तसली आदबीची जावानी भाषा काढली. तिथेच मी ओळखलं, याला काहीतरी हवंय. उपास असल्यामुळे चहा विचारायचा नव्हता. तेवढं बरं झालं, बोलणं कोरडंच राहिलं.

"सिंबाह, वेनिंग फार हुशार आहे. पण हट्टी."

"हट्ट माझ्याकडून आलाय. हुशारीचं तिच्या आईला विचारा."

"एक कागद आहे. तिची सही झाली की सगळं मिटेल. सहा आठवडे ती फोन उचलत नाही."

"शेजारच्या टेबलावर बसते ना? हाक मारा. फोन कशाला?"

त्यांनी रुमाल काढला. "तिने एप्रिलमध्ये नोकरी सोडली, सिंबाह. तुम्हाला…"

चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही मी. "माहीत आहे," म्हटलं. "तुम्हाला माहीत आहे का ते बघत होते."

मग कागद निघाला. चौदाही कामं कंपनीची, लिहिणारा म्हणून त्यांचं नाव, आणि खाली बारीक अक्षरात "साहाय्य: वेनिंग".

"पाक, यातलं तुम्ही किती लिहिलंत?"

"मी मार्गदर्शन केलं."

"म्हणजे?"

"वेळोवेळी विचारपूस केली. कुठवर आलं, कधी होईल…"

"विचारपूस मीही करते. माझं नाव कितव्या ओळीत आहे?"

ते हसले. खोटं नव्हतं हसणं. म्हणाले, "मशीन कंपनीचं होतं, सिंबाह."

"माझी चूल मातीची आहे. माती सरकारी टेकडीवरची. म्हणजे तेंपे सरकारचा?"

मग जरा खरं बोलले. एका मोठ्या बँकेचं कंत्राट आहे, बँक विचारते की त्या चाळीस देशांच्या मंडळीत तुमच्यापैकी कुणाचं नाव आहे. सत्तर माणसं त्यांच्या हाताखाली आहेत. माणूस वाईट वाटला नाही मला. त्यामुळेच जास्त राग आला. वाईट असता तर झाडूने काम झालं असतं.

"माझी नात तुमच्याकडे होती तोवर तुमच्यापैकी एकीचं नाव होतं," मी म्हटलं. "ते तुम्हाला पुरलं नाही."

टोपली त्यांच्याबरोबर परत पाठवली. सरबत संत्र्याचं होतं. तेवढं मात्र लागलं मनाला.

आता तू. "ऑफिसात सगळं ठीक आहे." एप्रिल, मे, जून. काय खातेस? कुणाला फसवतेस? मी मेले असते तर तेही परक्या माणसानेच चटईवर बसून तुला सांगितलं असतं का?

सिंबाह


जकार्ता
११ जून २०१८

सिंबाह,

चुकले. तुम्ही रागवाल म्हणून नव्हे, तुम्ही आईला कळवाल आणि ती तिकडे आणखी एक घर धुवायला घेईल, म्हणून लिहिलं नाही.

पाक गुनादी म्हणाले, माझ्या नावाने पाठव. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, विचार करून सांग. मी गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, केला. मग त्यांनी यादीवर लिहिलं की हे काम कंपनीच्या मालकीचं आहे. राडेकने चौदाही पॅच बाजूला काढले. "मालकीचा निकाल लागेपर्यंत मला घेता येणार नाही."

तो बरोबर आहे. सही म्हणजे शपथ. बारा पॅच मी माझ्या खोलीत, माझ्या मशीनवर, रविवारी लिहिलेत. पण दोन ऑफिसात बसून, त्यांच्या मशीनवर, त्यांच्या वेळेत. त्या दोघांवर मी शपथ कशी घेऊ? आणि बाराही त्या दोघांवाचून चालत नाहीत. पाक गुनादींनाही शपथ घेता येत नाही, कारण लिहिणारी मी आहे हे सगळ्या यादीने पाहिलंय. म्हणून त्यांना माझी सही हवी आहे. वकील पाठवीन म्हणालेत. पाठवोत.

मी ते चौदाही टाकून दिले. माझ्या मशीनवरून काढूनसुद्धा टाकले. आता तीच फट दुसऱ्या रीतीने बुजवतेय, पहिल्या ओळीपासून, यादीवर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, एकेक पायरी दाखवत. कुठलं कधी, कुणी लिहिलं यावर कुणाला बोट ठेवायला जागा नको. राडेकने विचारलं, किती दिवस लागतील? मी लिहिलं, लागतील तितके.

सकाळी एका क्लासमध्ये शिकवते. भाडं निघतं. जेवते. इथला तेंपे आंबट असतो.

लेबारानला येत नाही. लाज वाटते म्हणून नाही. काम अर्धं सोडून उठले तर परत बसवणार नाही म्हणून.

वेनिंग


सलातिगा
गुरुवार वागे, २८ जून २०१८

वेनिंग,

सणाला तुझी जागा रिकामी होती. सगळ्यांनी विचारलं. मी लपवलं नाही. नोकरी सोडली, आणि लिहिलेलं सगळं टाकून पुन्हा लिहितेय, असं सांगितलं. कार्सिनेमने "अरेरे" केलं. अकरा वर्षांत ऐकलेला तिचा पहिला शब्द तो. मी म्हटलं, तुझं अरेरे घरी घेऊन जा, इथे ठेवायला जागा नाही. म्हणजे आता आम्ही बोलतो.

मी तुझ्या जागी असते तर बारा ठेवले असते आणि दोनच टाकले असते. जोडायचं कसं ते नंतर बघितलं असतं. कुणाला कळणार होतं? पण सही तुझी आहे, माझी नाही. तू एवढी सोवळी कुणावर गेलीस ते मला कळत नाही. आमच्याकडे कुणी नव्हतं.

टाकून दिल्याचं मात्र मला काही वाटलं नाही. दमट हवेत तेंपेचा घाणा काळा पडला की मी काय करते ते तू पाहिलंयस. वरवरचा खरवडून विकत नाही. सगळा बदकांना घालते आणि सोयाबीन भिजत घालते. त्या दिवशी बाजारात माझी चटई रिकामी राहते, बायका कुजबुजतात. तिसऱ्या दिवशी मी परत बसलेली असते. त्यांना कुजबुजायला दुसरं काहीतरी शोधावं लागतं.

तुझ्या आईला कळवलं. ती रडली, मग म्हणाली, लिहू दे तिला. घर दुसरं धरलेलं नाही. मी सक्त ताकीद दिली होती.

जकार्ताला जाणाऱ्या व्हॅनच्या ड्रायव्हरकडे तेंपे देतेय. दया म्हणून नाही. पोनियेमच्या नातीने आंबट तेंपे खावा हे माझ्या धंद्याला शोभत नाही. वकील आला तर त्यालाही एक तुकडा दे आणि परत पाठव.

सिंबाह


जकार्ता
२२ ऑक्टोबर २०१८

सिंबाह,

झालं.

चौदाचे नऊ झाले. दुसरी रीत पहिल्यापेक्षा सरळ निघाली. सात वेळा परत आलं. सहाव्या वेळी मदुराईवाल्याने तिसऱ्या पॅचमध्ये एक चूक काढली, ती खरी होती, मी दोन दिवस त्याला शिव्या दिल्या आणि मग दुरुस्त केली. परवा राडेकने नऊही घेतले. प्रत्येकाच्या खाली एक शब्द आहे. पानाची छापील प्रत सोबत आहे. वकील आला नाही.

आणखी एक. राडेक म्हणाला, मी थकलोय, भाडेकरू हलवण्याचा भाग आता तू सांभाळ. म्हणजे मी कारभारीण. कुणाचं आत घ्यायचं, कुणाचं परत पाठवायचं, ते मी ठरवायचं. या कामाला पगार नाही, पण ते पाहून तैपेईच्या एका कंपनीने नोकरी दिली. करारात पहिलंच कलम मी घालून घेतलं, यादीवर जे जाईल ते माझ्या नावाने जाईल.

आता जे सांगणार आहे त्यावर तुम्ही ओरडाल.

मागच्या आठवड्यात माझ्या भागात एक पॅच आला. पाठवणारे गुनादी. त्यांनी स्वतः लिहिलेला. वाचताच कळतं, वळणं वीस वर्षांपूर्वीची आहेत, तेव्हा शिकलेल्या माणसाची. सगळी यादी बघत होती मी काय करते ते. एक चूक होती. ती मी सगळ्यांसमोर सांगितली, जशी कुणालाही सांगते तशी, एक शब्द जास्त नाही. त्यांनी दुरुस्त करून पाठवला. चांगला होता.

मी घेतला.

वेनिंग


सलातिगा
मंगळवार पोन, ३० ऑक्टोबर २०१८

वेनिंग,

ओरडले. गल्लीने ऐकलं. मी असते तर तीनदा परत पाठवला असता, आणि चौथ्यांदा म्हटलं असतं, पाक, वेळोवेळी विचारपूस करत राहा. पण पुन्हा वाचल्यावर वाटलं, तू केलंस तेच त्यांना जास्त झोंबलं असेल. काम तुझं आणि नाव माझं असं चालवायला निघालेल्या माणसाला, तुमचं काम तुमच्याच नावाने घेतलं हे सांगणं. तुला हे सुचून केलंस की साधेपणाने, ते मला सांगू नकोस. मी सुचून केलं असंच धरते.

छापील पान बू रत्नाने मोठ्याने वाचलं. कुणाला एक अक्षर कळलं नाही, सगळ्यांनी मान हलवली.

आता वस्तीच्या मुखियाने ठरवलंय की गल्लीच्या तोंडाशी अभिनंदनाचा कापडी फलक लावायचा. मी म्हटलं, कशाला खर्च? पण कार्सिनेमच सगळ्यात पुढे होती, तेव्हा मागे हटले असते तर बरं दिसलं नसतं. काल रंगवणारा आला. कापड या घरापासून समोरच्या घरापर्यंत. वर त्याने "अभिनंदन" काढलं, आणि मग कुंचला धरून माझ्याकडे बघत उभा राहिला.

"पुढे काय लिहू, सिंबाह?"

"वेनिंग."

"आणि?"

"आणि काही नाही."

बू रत्ना म्हणाली, निदान तिची पदवी तरी लावू या. मुखिया म्हणाला, गावाचं नाव घाला. रंगवणाऱ्याने टेपने कापड मोजलं, पुन्हा मोजलं आणि डोकं खाजवलं. म्हणाला, एकाच शब्दाने एवढं कापड भरणार नाही, सिंबाह.

मी म्हटलं, मग अक्षरं मोठी काढ.

सिंबाह